उघडं आढं

चंद्रहासदादा लोकांची छपरं घालायचा आणि गळकी छपरं दुरुस्त करायचा. त्याच्या स्वतःच्या परसातल्या लाकडी खोलीचं छप्पर मात्र एकोणीस महिने आढ्यापाशी उघडं होतं. दोन्ही उतरती पाखी वरपर्यंत नीट शाकारलेली, आणि मधोमध, जिथं ती एकमेकांना मिळतात तिथं, वीतभर रुंदीची फट. फटीवर निळी ताडपत्री. ताडपत्रीला दोरीनं बांधलेल्या आठ विटा.

ते तसं का ठेवलंय हे मला माहीत होतं. निदान तसं मला वाटत होतं.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला त्याच्या घरी मी राहायला गेलो तो मे २०२०. लायडनला साहित्याचं एम.ए. झालं होतं आणि पार्सलांच्या एका गोदामात काम मिळालं होतं. त्या उन्हाळ्यात साहित्याच्या पदवीला तेवढंच काम होतं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं खोलीची जाहिरात टाकली होती, एका ओळीची. 'खोली आहे. तात्पुरती.'

दार उघडून तो तीन पावलं मागं गेला. पंचेचाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. अंगाला डांबराचा वास. हातातल्या हातोडीनं त्यानं जिना दाखवला.

"सगळ्यात वर. खोली माझ्या मुलीची आहे. भिंतीवरची चित्रं काढायची नाहीत. बाकी काही नियम नाही."

"ती कुठंय?"

"पुण्याला. आईबरोबर. फेब्रुवारीत गेल्या, सासूबाईंचं ऑपरेशन होतं. मग विमानं बंद झाली. जूनमध्ये येतील. त्या आल्या की तू जायचंस."

"चालेल."

"काय शिकलास?"

"साहित्य."

"अरे वा," तो म्हणाला. "म्हणजे तुलाही कुणी विचारत नसेल, कुठल्या ग्रुपला आहेस म्हणून."

त्या गावातल्या मराठी माणसांत हा पहिला प्रश्न असतो. चिपची यंत्रं बनवणारी मोठी कंपनी तिथं आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी तिथं जातं. दादाची बायको शर्मिला तिथं इंजिनियर होती. २०१४ मध्ये ती आली आणि तिच्यामागून तो आला. पहिल्या गणपतीला त्याला अकरा जणांनी विचारलं, तुम्ही कुठल्या ग्रुपला. अकराही वेळा तो म्हणाला, मी शर्मिलाचा नवरा. हे त्यानं मला हसत सांगितलं. पण आकडा त्याच्या लक्षात होता.

तो मूळचा देवरुखचा. सिव्हिलचा डिप्लोमा. पुण्यात गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. त्याच्या शब्दांत, "पुण्यात मी गळतीच्या तक्रारी लिहून घ्यायचो. गळती थांबवणारे दुसरे असायचे."

इथं आल्यावर दोन वर्षं तो घरीच होता. स्वयंपाक करायचा, इरावतीला सांभाळायचा. एका सप्टेंबरात समोरच्या परसात टोन नावाचा म्हातारा एका खोलीवर शिंगल्स घालत होता. या देशात घरांवर बहुतेक मातीची कौलं असतात. परसातल्या खोल्या, पोटमाळ्याच्या बाहेर काढलेल्या खिडक्या, जंगलाकडेची सुट्टीची घरं, यांच्यावर मात्र शिंगल्स दिसतात. डांबराचे जाड, लवचीक तुकडे, वर बारीक दगडी कच. खालून वर रांगा लावत जायच्या आणि खिळे ठोकायचे. दादा स्वयंपाकघरातून दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी तो रस्ता ओलांडून गेला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, तुमचा जोडीदार खिळे फार वर ठोकतोय. पहिल्या वादळात निघेल.

टोननं चष्मा लावून पाहिलं. जोडीदाराला काहीतरी म्हणाला, ते दादाला तेव्हा कळलं नाही. मग त्यानं दादाच्या हातात हातोडी दिली.

पुढची चार वर्षं ते दोघं बरोबर होते. दादा डच शिकला ती छपरावर. ब्राबांट भागातली खेडवळ, अर्धे शब्द गिळणारी डच. कंपनीतल्या कुणाही मराठी माणसाला ती येत नव्हती. नगरपालिकेचं पत्र आलं की मंडळातली पीएचडी झालेली माणसं त्याला फोन करायची. तो वाचून सांगायचा. पण कुणी ओळख करून देताना 'हे कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत' असंच म्हणायचं. छपरावर, असं कुणी म्हणायचं नाही. शर्मिलाही नाही.

परसातली खोली त्यानं इरावतीसाठी बांधायला घेतली होती. शिंगल्स तिनंच निवडल्या, लाल, माशाच्या खवल्यांसारख्या अर्धगोल. ती सात वर्षांची होती आणि बापाच्या कामाबद्दल तिला सगळं माहीत होतं. एका शिंगलला चार खिळे. एका रांगेचे खिळे वरची रांग झाकते. ती शिडीखाली बसून मोजायची, डचमध्ये. एन, त्वे, द्री, फीर. पुन्हा पहिल्यापासून. दादा मराठीत बोलायचा, ती डचमध्ये उत्तर द्यायची. त्या घरात तसंच चालायचं.

आणि तिला झेंड्याचं माहीत होतं. इथं घराचं छप्पर आढ्यापर्यंत पोचलं की कामगार वर झेंडा लावतात. मग मालकानं त्यांना बिअर पाजायची. मालक चिकट निघाला तर झेंड्याऐवजी झाडू लावतात, अख्ख्या गल्लीला दिसेल असा. इरावतीला हे फार आवडलं होतं. ही खोली तिची, म्हणजे मालकीण ती. तिनं उशीच्या अभ्र्यावर पिवळी मांजर रंगवून झेंडा केला होता. बाबाला ती लिंबू सरबत पाजणार होती. दोन्ही पाखी पुरी झाली आणि आढं राहिलं. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. विमानतळावर तिनं त्याला बजावलं, मी आल्याशिवाय वरचं लावायचं नाही.

"चार आठवड्यांचा प्रश्न होता," दादा म्हणाला. "म्हटलं, ताडपत्री टाकू."

जूनमध्ये त्या आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये येणार होत्या. मग दिवाळीनंतर. मी त्या खोलीतच राहिलो, भिंतीवरच्या मांजरांमध्ये.

त्या वर्षी त्याला मरणाचं काम होतं. सगळा देश घरून काम करत होता आणि घरात जागा नव्हती. जो तो परसात खोली बांधायला लागला. टोनची फुप्फुसं चाळीस वर्षांच्या डांबरानं आधीच गेलेली होती. डॉक्टरांनी त्याला घराबाहेर पडू नको असं सांगितलं होतं. म्हणून दादा एकटाच जायचा. सकाळी सातला सायकल, मागं छोटी गाडी जोडलेली, तीत शिडी आणि शिंगल्सचे गठ्ठे. एका गठ्ठ्याचं वजन वीस किलो. दिवसाला बारा गठ्ठे वर चढवायचे.

सुट्टीच्या दिवशी मी कधीकधी त्याच्या कामावर डबा पोचवायला जायचो. कुंपणाबाहेरून बघायचो. घरातली माणसं काचेआड असायची. कॉफीचा कप आणि एक बिस्कीट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, काचेवर टकटक करायची आणि आत सरकायची. तो उतरून कप घ्यायचा. अंगठा वर करायचा. आतून अंगठा वर व्हायचा. एवढंच.

"वरून काय दिसतं?" मी एकदा विचारलं.

"स्वयंपाकघरं," तो म्हणाला. "ओळीनं तीस स्वयंपाकघरं. सगळ्यांत माणसं. एकातही कुणी वर बघत नाही."

साडेबारा वाजता तो आढ्यावर दोन बाजूंना पाय टाकून बसायचा आणि पुण्याला फोन लावायचा. तिकडे चार वाजलेले असायचे. इरावतीचा ऑनलाइन वर्ग नुकताच संपलेला असायचा. तो तिला फोन फिरवून सगळं दाखवायचा. कालवा, मका, दूरचा चर्चचा कळस. पहिल्या महिन्यांत ती रोज विचारायची, "माझं वरचं लावलं नाहीस ना?"

"नाही गं बाई. हात नाही लावला."

"टोन आजोबा?"

"तोपण नाही."

"शपथ?"

"मांजरीची शपथ."

संध्याकाळी घरी आल्यावर तो आधी परसात जायचा आणि विटा नीट करायचा. मग अंघोळ. मग पिठलं किंवा खिचडी. जेवताना आम्ही फार बोलायचो नाही. टेबल सहा जणांचं होतं. आम्ही दोन टोकांना बसायचो, आधी नियम म्हणून, नंतर सवय म्हणून. जेवण झालं की तो टोनच्या घरापर्यंत चालत जायचा. टोन खिडकीत बसलेला असायचा. दोघं काचेतून बोलायचे. टोनला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून दादा ओरडायचा. सगळी गल्ली ऐकायची. कुठली शिंगल संपली, कुठल्या बाईनं कॉफीत साखर घातली नाही.

त्या गणपतीला आरती झूमवर झाली. पस्तीस चौकोन. दादा परसात बसला होता, आत नेटला रेंज नव्हती. आरती संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "चंद्रहासराव, मागं काय ते निळं? छपरंवाल्याच्याच घरी ताडपत्री?"

सगळे हसले. पस्तीस चौकोनांतलं हसणं एकाच वेळी येत नाही. तुकड्यातुकड्यांनी येतं.

"मालकीण गावाला गेलीय," दादा म्हणाला. "ती आल्याशिवाय कामगार काय करणार?"

पुन्हा हसले. पुण्याहून शर्मिलाचाही एक चौकोन होता. त्यात तिच्या शेजारी तिची आई, व्हीलचेअरवर. शर्मिला हसली नाही. तिनं कॅमेरा बंद केला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

ताडपत्रीबद्दल तो स्वतः काय म्हणायचा हे मला पाठ होतं. गिऱ्हाइकांना फोनवर दर आठवड्याला सांगायचा. ताडपत्री म्हणजे छप्पर नव्हे. महिनाभर ठीक. पुढं ती पावसापेक्षा वाईट. खालून वाफ येते, अडकते, लाकूड आतून घाम पितं. वरून कोरडं दिसतं आणि आतून जातं. हे तो त्या खेडवळ डचमध्ये सांगायचा, हातवारे करून, स्वतःच्या परसाकडे पाठ करून.

मी एकदा विचारलं, "दादा, आपली?"

"आपली महिन्याभरात निघतेय, साहित्यिक. फेब्रुवारीत येतायत."

ती २०२१ ची जानेवारी होती. रात्री नऊनंतर संचारबंदी लागली होती. शिंगल्स थंडीत ताठ होतात, वाकवल्या तर तडकतात. म्हणून तो गठ्ठे बैठकीच्या खोलीत हीटरजवळ ठेवायचा. सगळ्या घराला डांबराचा वास. एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, लाल शिंगल्सचा अर्धा गठ्ठा होता. इरावतीच्या आढ्याचा. कामावर काहीही कमी पडलं तरी त्याला तो हात लावत नसे.

फेब्रुवारीत त्या आल्या नाहीत. मग तिकिटं एक मेची होती. एप्रिलच्या शेवटी इकडच्या सरकारनं भारतातून येणारी विमानंच बंद केली. ती बातमी मी त्याला वाचून दाखवली. तो चहा गाळत होता.

"झालं," तो म्हणाला.

मला त्याचं वाईट वाटलं. त्या महिन्यात पुण्याहून रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी यायची. माझे एक काका गेले. दादाच्या ठेकेदाराकडचे तिघं गेले. आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून फोन बघायचो. कुणाला तरी मिठी मारावीशी वाटते म्हणजे काय, हे तेव्हा मला अंगात कळलं. समोर माणूस होता. पण आम्ही तसे नव्हतो.

ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही जेवत होतो. फोन त्यानं पातेल्याला टेकवून ठेवला होता. इरावती आता नऊ वर्षांची होती. दात आले होते, केस वाढले होते, आणि मराठी सहज बोलत होती. पुण्याच्या शाळेची, सोसायटीतल्या मैत्रिणींची मराठी. शाळा, स्केटिंग, वरच्या मजल्यावरची कुत्री, असं बरंच काही ती सांगत होती. दादा ऐकत होता. मध्येच म्हणाला,

"इरा, परवा कपाटात तुझा झेंडा सापडला. इस्त्री करून ठेवला मी."

"कुठला झेंडा?"

दादानं फोन पातेल्याला पुन्हा नीट टेकवला. मग म्हणाला, "अगं, एक होता. असू दे. कुत्रीचं नाव काय म्हणालीस?"

ती कुत्रीचं नाव सांगायला लागली. त्यानं पुढचा घास घेतला, चावला, गिळला. मी ताटात बघत होतो.

त्या रात्री त्यानं विटा तपासल्या नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी मी गोदामातून घरी आलो तर पुढच्या वाफ्यात खांबावर एक पाटी होती. ते कोप. विकणे आहे. खाली एजंटचा फोन. मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. आपण चुकून दुसऱ्या गल्लीत आलो असं मला खरोखर वाटलं. घरं तिथं एकसारखीच आहेत.

दादा आत भेंडी चिरत होता.

"दादा, बाहेर पाटी आहे."

"सरळ आहे ना? त्या माणसानं वाकडी रोवली होती. मी परत ठोकली."

"घर विकतोयस?"

"हो."

"आणि वहिनी? इरा?"

"शर्मिलानं राजीनामा दिला. तिला तिकडे नोकरी लागली. तिची आई उठू शकत नाही, राघव. तिला दुसरं कुणी नाही. तिचं चूक नाही."

"कधी दिला?"

"जानेवारीत."

"कुठल्या जानेवारीत?"

"गेल्या."

मी मनात महिने मोजले. फेब्रुवारीत येतायत. एक मेची तिकिटं. मंडळात, टोनला, मला, सगळ्यांना त्यानं तारखा सांगितल्या होत्या. तारखांबरोबर विमानकंपन्याही सांगितल्या होत्या.

"मेची तिकिटं?"

"नव्हती."

"मग विमानं बंद झाली तेव्हा..."

"तेव्हा बरं वाटलं," तो म्हणाला. सुरी थांबली नव्हती. "त्या महिन्यात खोटं बोलावं लागलं नाही."

सव्वा वर्षाहून जास्त मी या माणसासमोर जेवलो होतो.

"पण का?"

"सांगितलं असतं तर आढं बंद करावं लागलं असतं."

त्यानं भेंडी कढईत टाकली. बराच वेळ परतत राहिला. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "शर्मिला म्हणते, इकडे ये, इकडेही छपरं आहेत. तिला म्हटलं, तिकडे स्लॅब असतात. ती म्हणाली, चंदू, मुलीला बाप लागतो, छप्पर नाही. मी जानेवारीपासून यावर उत्तर शोधत होतो. इथं मला लोक नावानं ओळखतात. छपरावरचा चंद्रा. तिथं मी पुन्हा..." त्यानं गॅस बारीक केला. "आणि पोरगी विचारते, कुठला झेंडा. म्हणजे वेळ संपली होती. मलाच दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी एजंट घर बघायला आला. तरुण, निळा सूट, तोंडावर मास्क. परसात गेला आणि ताडपत्रीकडे बघून म्हणाला, जाहिरातीत 'अर्धवट बांधकाम' असं लिहितो, किंवा पाडून टाका. पुढच्या गुरुवारी फोटो काढायला माणूस येईल.

दादा लाल झाला. "अर्धवट?" तो मला मराठीत म्हणाला. "माझ्या कामाला? पाडून टाका?" मग डचमध्ये एजंटला म्हणाला, बुधवारपर्यंत थांब.

शनिवारी सकाळी त्यानं विटा उतरवल्या. ताडपत्री ओढली. ती चिकटली होती, सोलल्यासारखी निघाली. तो शिडीवरून वर बघत राहिला. मग मला म्हणाला, "ये."

आढ्याजवळच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. कडेला पांढरी, बारीक छत्र्यांची बुरशी आली होती. त्यानं एका फळीवर बोट टेकवलं. बोट आत गेलं. जोर न लावता, शिऱ्यात जावं तसं.

मी त्याच्याकडे पाहिलं. याच्याइतकं नीट काम करणारा माणूस मी पाहिला नाही. कुणाच्या छपरातून थेंब गळला तर रविवारी सायकल काढणारा. आणि हे त्याच्या परसात, त्याच्या डोळ्यांसमोर, रोज थोडं थोडं होत होतं, आणि ते होतंय हे त्याला माझ्यापेक्षा, कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं.

"गिऱ्हाइकानं असं केलं असतं," तो म्हणाला, "तर मी त्याला शिडीवरूनच शिव्या घातल्या असत्या." मग त्यानं फोन काढून फोटो काढला. प्रत्येक कामाआधी काढायचा तसा.

तीन दिवस त्यानं त्या छपरावर काम केलं. सडलेल्या फळ्या काढल्या. वरच्या चार-चार रांगा उचकटल्या. एकेक खिळा उपसून डब्यात टाकला. नव्या फळ्या, नवा डांबरी कागद. लाल शिंगल्स कमी पडल्या. तो रंग आता कंपनी बनवत नव्हती. जवळचा मिळाला तो थोडा गडद होता. पाख्यांच्या वरच्या भागात एक पट्टा वेगळा दिसायला लागला. पण आढ्यासाठी त्यानं तो जुना अर्धा गठ्ठाच वापरला, हीटरजवळ दोन हिवाळे जपलेला.

बुधवारी दुपारी ऊन होतं. टोन आला. तोपर्यंत त्याची लस झाली होती. चाकांच्या वॉकरला बिअरचा क्रेट अडकवून तो कुंपणापाशी उभा राहिला, आत आला नाही, सवयीनं.

"चंद्रा," तो ओरडला. "आधी मी मरणार की हे छप्पर पुरं होणार, यावर मी बायकोशी पैज लावली होती."

"मग कोण जिंकलं?"

"ती. बिअर तिच्याकडून."

दादानं पुण्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी शिडीवर अर्ध्यात उभा राहून फोन वर धरला. पडद्यावर इरावती, मागं शर्मिला.

"बाबा, दहाच मिनिटं हं. मग स्केटिंग आहे."

"दहा पुष्कळ झाली. हे बघ, तुझी खोली."

"अरे! ही अजून आहे?" ती म्हणाली. मग पडद्याच्या जवळ आली. "बाबा, तू वरचं लावलंच नाहीस?"

"मालकीण नव्हती ना."

मागून शर्मिलाचा आवाज आला. "चंदू, पाय बघ रे. सांभाळून."

"बघतोय गं."

आढ्याचे तुकडे लहान असतात. मधोमध वाकवून दोन्ही पाख्यांवर बसवायचे, एकावर एक, वाऱ्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करून. दादानं पहिला बसवला. हातोडी उचलली आणि थांबला.

"मोज की," तो म्हणाला.

"मराठीत?"

"तुला हवं तसं."

डच ती विसरली होती, हे तिनंच मला मागं सांगितलं होतं, जरा ऐटीत. पण हातोडी पडली तशी ती म्हणाली, "एन." मग, "त्वे." पलीकडच्या बाजूला, "द्री. फीर." मग पुन्हा एन. त्या कामाला त्याहून जास्त आकडे लागत नाहीत. कुंपणामागून टोनही तिच्याबरोबर मोजायला लागला, खोकत, मोठ्यानं.

शेवटचा तुकडा नैर्ऋत्येच्या टोकाला. तिथून वारा येतो. बाकी सगळ्या छपराचे खिळे कुठल्या तरी शिंगलखाली झाकलेले असतात. शेवटच्या तुकड्याचे चार मात्र उघडे राहतात, कारण त्यांच्यावर घालायला काही उरत नाही. दादानं त्या चारांवर डांबराचा एकेक ठिपका दिला. अंगठ्यानं दाबला. मग शर्टातून अभ्रा काढला आणि दोन काठ्यांमध्ये ताणून लावला.

"हे मी काढलंय?" इरावती किंचाळली. "आई, बघ ना! ही मांजर आहे की उंदीर?"

"वाघ असेल," शर्मिला म्हणाली.

"मालकीण बाई," दादा वरून म्हणाला, "कामगाराला काही पाजणार की झाडू लावू?"

ती पळाली. पडद्यावर नुसती भिंत दिसत राहिली, पंखा, कॅलेंडर. मग ती परत आली. हातात ग्लास, कोकम सरबत, भरभर केल्यानं वरपर्यंत भरलेलं. तिनं तो कॅमेऱ्यासमोर धरला.

"घे."

दादा दोन बाजूंना पाय टाकून आढ्यावर बसला होता. त्यानं हात पुढं केला, मूठ वळली आणि रिकामी मूठ तोंडाला लावली. पुरती संपेपर्यंत. मग तोंड पुसलं.

"फार गोड केलंस," तो म्हणाला.

"बाबा, स्केटिंग."

"जा. पळ."

फोन बंद झाला. तो वरच बसून राहिला. बऱ्याच वेळानं तो उतरला, शिडी मिटली आणि बिअर घेतली. ताडपत्रीची चौकोनी घडी करून ती कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली.

नोव्हेंबरात तो पुण्याला गेला. एक बॅग आणि हातोडी. हातोडी सामानात घालायची की हातात ठेवायची, यावर विमानतळावर थोडी वादावादी झाली. मला त्यानं मिठी मारली. मास्क दोघांनीही लावला होता. डांबराचा वास तेवढ्यातूनही आला.

मी आता आइंडहोवनला राहतो. फेब्रुवारीत मोठं वादळ झालं, कौलं उडाली, झाडं पडली. दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून जुन्या गल्लीत गेलो. परसामागच्या बोळातून टाचा उंच करून पाहिलं. नवीन माणसांनी झेंडा काढला होता. छप्पर जागेवर होतं. एकही तुकडा उचललेला नव्हता. गडद पट्टा दिसत होता, आणि त्याच्यावर जुन्या लाल रंगाचं आढं.

मी फोटो काढून पाठवला. तो पुण्यात आता गच्च्यांचं काम करतो, स्वतःच्या हातानं. लिहून घेणारा दुसरा ठेवलाय.

उत्तर लगेच आलं. 'नैर्ऋत्येचा शेवटचा तुकडा. झूम करून पाठव.'

मी कुंपणाला फोन टेकवला, हात स्थिर केला आणि पाठवला. चार काळे ठिपके नीट दिसत होते.

बराच वेळ तो टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग एवढंच आलं.

'ठीक. आता घरी जा, थंडी असेल.'